गवत न खाणाऱ्या सशिणीचा आहार कसा सुधारावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका घरात दीड वर्षाची, अडीच किलो वजनाची पांढरी सशीण आहे. तिला सकाळी वाटीभर पेलेट (दळून, दाबून केलेले तयार खाद्याचे दाणे), दुपारी गाजर, काकडी किंवा कोबी आणि संध्याकाळी घरातल्यांच्या चहाच्या वेळी पोळीचा तुकडा किंवा बिस्किट मिळते. वाळलेले गवत दोनदा आणून पाहिले, पण तिने त्याला तोंड लावले नाही. गेल्या पंधरा दिवसांपासून तिच्या शेपटीखालची लव चिकट राहते आणि पिंजऱ्यात काळसर, मऊ, उग्र वासाचा लगदा पडलेला असतो. एरवीच्या कोरड्या लेंड्या मात्र पडत आहेत, भूकही चांगली आहे. तिला जुलाबाचे औषध द्यावे का आणि तिचा आहार नेमका कसा असावा, असे घरच्यांनी विचारले आहे.

जुलाबाचे औषध देऊ नये, कारण वर्णनावरून हे जुलाब वाटत नाहीत. सशाला खरे जुलाब लागतात तेव्हा कोरड्या लेंड्या पूर्ण थांबतात, पाण्यासारखी विष्ठा होते आणि जनावर काही तासांत मलूल पडते. तुमच्या सशिणीच्या पिंजऱ्यात दिसणारा लगदा म्हणजे तिने स्वतः खाऊन टाकायला हवी होती, पण न खाल्लेली मऊ विष्ठा आहे. हे वाचून अनेकांना किळस वाटते, तरी सशाच्या आहाराविषयीचे जवळजवळ प्रत्येक उत्तर इथूनच सुरू करावे लागते.

सशाचे पोट गायीसारखे चार कप्प्यांचे नसते. गवत आंबवण्याचे काम त्याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली सीकम नावाची भली मोठी पिशवी करते. आतड्यात आलेल्या अन्नाची तिथे अक्षरशः निवड होते. तंतूंचे मोठे, न पचणारे तुकडे पुढे सरकतात आणि कोरड्या गोल लेंड्या होऊन बाहेर पडतात, तर बारीक कण आणि द्रव उलट दिशेने सीकममध्ये ढकलले जातात. तिथले जीवाणू त्यांच्यापासून प्रथिने, ब गटातली जीवनसत्त्वे आणि के जीवनसत्त्व तयार करतात. हा माल पुढे द्राक्षाच्या लहानशा घोसासारखा, चकचकीत आवरण असलेला, मऊ विष्ठेच्या रूपाने दिवसातून ठरावीक वेळी बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. हे बहुधा रात्री किंवा पहाटे घडत असल्यामुळे निरोगी सशाच्या मालकाला ही विष्ठा वर्षानुवर्षे दिसतही नाही. ती दिसू लागली, म्हणजे एक तर सशाला तिथपर्यंत वाकता येत नाही, किंवा आहार इतका पिष्टमय आणि गोड झाला आहे की घोस नीट बांधलाच जात नाही, किंवा पेलेटनेच पोट भरल्यामुळे त्याला ती खाण्याची गरज वाटत नाही. वाटीभर पेलेट, गाजर, पोळी आणि बिस्किट ही यादी पाहता तुमच्याकडे शेवटची दोन कारणे एकत्र आली असण्याचा संभव मोठा आहे. पहिल्या कारणासाठी तिच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. बरगड्या हलक्या दाबानेही लागत नसतील, तर ती लठ्ठ आहे आणि तिचे वाकणे त्यामुळेही अडत असेल.

ही सगळी यंत्रणा चालते ती लांब, न पचणाऱ्या तंतूंवर. आतड्याच्या भिंतीला हालचालीची चालना ते तंतू देतात. ते कमी पडले की आतडे मंदावते आणि सीकममध्ये पिष्ट व साखर साचून नको त्या जीवाणूंची वाढ होते. पेलेटच्या पाकिटावर तंतूंचा आकडा कितीही चांगला छापलेला असला, तरी ते तंतू दळलेले असतात. बारीक दळलेला तंतू सीकममध्ये जातो आणि आतडे हलवण्याचे काम बाजूलाच राहते. म्हणून प्रौढ सशाच्या पोटात जे जाते त्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग गवताचा असावा, असे मी प्रत्येक मालकाला सांगतो. उरलेल्या भागाची चर्चा त्यानंतर.

दातांचा हिशेबही गवताशीच जोडलेला आहे. सशाचे अठ्ठावीसही दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. पेलेट तो वरून खाली दाबून फोडतो आणि चार-दोन चावण्यांत गिळतो. गवताची काडी मात्र त्याला जबडा आडवा फिरवून बराच वेळ दळावी लागते आणि दाढा झिजतात त्या या आडव्या दळण्याने. दळण बंद झाले की दाढांच्या कडांना टोके येतात, खालची जिभेत आणि वरची गालात रुततात. असा ससा पेलेटकडे धावतो, घास तोंडात धरून सोडून देतो, त्याची हनुवटी ओली राहते आणि गवत तर तो मुळीच खात नाही. तुमची सशीण गवत खात नाही ते सवय नसल्यामुळे की तोंड दुखत असल्यामुळे, हे आधी ठरले पाहिजे. पुढचे दात घरी ओठ उचलून दिसतात, पण दाढा दिसत नाहीत. त्यासाठी कानात पाहण्याच्या दिव्यासारखे उपकरण लागते आणि सशांची सवय असलेला पशुवैद्यक लागतो. आहार बदलण्यापूर्वी एवढी एक तपासणी करून घ्या. दुखऱ्या तोंडाच्या सशाचे पेलेट कमी केले तर तो उपाशी राहील.

दाढा ठीक निघाल्या, तर प्रश्न उरतो कोणते गवत आणायचे हा. ऑनलाइन मिळणारे आयात टिमोथी गवत उत्तम असते, मात्र ते महाग पडते आणि तेच हवे असे काही नाही. आपल्याकडे मारवेल, पवना, हरळी आणि रब्बीत चाऱ्यासाठी लावलेला ओट हे सारे सशाला चालते. शेतात किंवा नातेवाइकांकडे सोय असेल तर फुलोऱ्याच्या आधी कापलेले मारवेल किंवा दाणा भरण्यापूर्वी कापलेला ओट सावलीत पसरून, रोज उलटापालट करून वाळवावा. उन्हात करपवलेले गवत पिवळे पडते आणि त्याचा वास जातो. सावलीतले हिरवट राहते, वासही टिकतो, आणि ससा गवत निवडतो तो नाकाने. दिवाळीनंतर जनावरांसाठी विकत मिळणारे डोंगरी गवत स्वस्त असते, पण ते घेताना गठ्ठा फोडून पाहावा. त्यात कुसळी गवताची काळी, टोकदार, पीळ असलेली कुसळे असतील तर तो गठ्ठा सशासाठी नाही, कारण ती कुसळे हिरड्यांत, जिभेखाली आणि डोळ्यांत घुसतात. झटकल्यावर धूळ उडत असेल किंवा कोंदट वास येत असेल तर तेही परत करावे. भाताच्या पेंढ्यात आणि ज्वारीच्या कडब्यात पोषण फार कमी असते. बैठकीला अंथरायला ते ठीक, मुख्य अन्न म्हणून नाही. ज्वारीची कोवळी हिरवी ताटे तर मुळीच देऊ नयेत. गुरांना ज्यामुळे किराळ लागते ते विष त्यांत असते.

लसूणघासाविषयी (ल्युसर्न या चाऱ्याविषयी) वेगळे सांगावे लागते, कारण बाजारात सगळ्यात सहज मिळतो तोच. देवळांबाहेर गाय घेऊन बसलेल्या बायकांकडे ज्या हिरव्या पेंड्या विकायला असतात, त्यांतही बऱ्याचदा हाच घास असतो आणि पुष्कळ घरांत सशासाठी तीच पेंडी रोज येते. वाढत्या पिलांना, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या मादीला तो चांगला, कारण त्यात प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते. सहा-सात महिन्यांपुढच्या सशाला मात्र नेमके तेच जड जाते. माणसाचे आतडे ड जीवनसत्त्वाच्या नियंत्रणाखाली गरजेपुरते कॅल्शियम घेते, तर सशाचे आतडे आहारात असेल त्या प्रमाणात ते शोषून घेते आणि जास्तीचे मूत्रावाटे टाकते. म्हणून सशाचे मूत्र निरोगी अवस्थेतही थोडे गढूळ असते. कॅल्शियम सतत जास्त आणि पाणी कमी असे झाले की मूत्राशयात पांढरा, रंगाच्या पेस्टसारखा गाळ बसतो आणि कधी खडे होतात. फरशीवर वाळलेल्या मूत्राचा जाड, खडूसारखा थर दिसू लागला तर घास त्याच दिवशी बंद करावा. गव्हांकुराचे ट्रे घरात वाढवणारेही बरेच आहेत. तो ओला पाला म्हणून छान आहे, वाळलेल्या गवताची जागा तो घेत नाही.

आता पेलेट. दुकानांत सुटे मिळणारे सशाचे खाद्य बहुतांशी मांसासाठी ससे पाळणाऱ्या फार्मकरिता बनवलेले असते. तिथे उद्देश असतो बारा आठवड्यांत वजन भरण्याचा. प्रथिने आणि ऊर्जा जास्त, तंतू कमी, असे ते खाद्य फार्मच्या दृष्टीने बरोबरच असते. आठ-दहा वर्षे जगवायच्या, दिवसाचा बराच वेळ सोफ्याखाली पसरणाऱ्या प्राण्यासाठी ते बनवलेलेच नसते. प्रौढ सशासाठी कच्चे तंतू (पाकिटावर ‘क्रूड फायबर’) किमान १८ टक्के आणि शक्यतो त्याहून अधिक, प्रथिने १४ टक्क्यांच्या आसपास असे पेलेट शोधावे. त्यात मक्याचे दाणे, सूर्यफुलाच्या बिया, रंगीत तुकडे असे काही मिसळलेले नसावे. ससा त्यातले गोड आणि तेलकट तेवढे वेचून खातो आणि कामाचे ते वाटीत ठेवतो. प्रमाण म्हणाल तर दर किलो वजनामागे दिवसाला २० ते २५ ग्रॅम ही वरची मर्यादा समजावी. तुमच्या सशिणीला म्हणजे जास्तीत जास्त ५० ते ६० ग्रॅम, आणि ती लठ्ठ असेल तर त्याच्या निम्मे. वाटीने मोजू नका, प्रत्येक घरची वाटी वेगळी असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. गवत उत्तम खाणारा प्रौढ ससा चिमूटभर पेलेटवरही ठणठणीत राहतो, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

हिरव्या पाल्याच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. भाजीवाला जे कापून टाकून देतो त्यातले निम्मे सशाचे जेवण असते. मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, फ्लॉवरभोवतीची पाने, कोथिंबिरीच्या जाड काड्या, हे सगळे चालते. शेपू, पुदिना, तुळस, दूर्वा, तुतीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले यांनाही हरकत नाही. अडीच किलोच्या सशाला दिवसाला दोन भरगच्च मुठी पाला पुरतो, आणि त्यात रोज किमान तीन प्रकार असावेत, म्हणजे कोणत्याही एका भाजीतला दोष साठत नाही. पालक, राजगिरा, माठ आणि चुका यांत ऑक्सॅलेट हा बाधणारा घटक जास्त असतो म्हणून ते आठवड्यातून एखाद्या वेळी, थोडे. शेवग्याचा पाला आणि मेथी पौष्टिक आहेत, पण वर सांगितलेल्या कॅल्शियमच्या कारणाने चव म्हणूनच द्याव्यात. कोबीने सर्व सशांना त्रास होतो असे नाही, मात्र काहींचे पोट फुगते. तुमच्या सशिणीचे पोट आधीच बिघडले असल्यामुळे सध्या तो नको. काकडीत पाण्याखेरीज फारसे काही नाही, उन्हाळ्यात द्यायला हरकत नसावी. अळू, कांदा, लसूण, पातीचा कांदा, बटाट्याचा पाला आणि अव्होकॅडो पूर्ण वर्ज्य. घरात मोकळा फिरणारा ससा कुंड्यांपर्यंत पोहोचतो हेही ध्यानात ठेवावे. कण्हेरीचे एखादे पानही जीवघेणे ठरू शकते, आणि मनी प्लांट, रुई, धोतरा, घाणेरी यांच्याही जवळ त्याला जाऊ देऊ नये.

ओला पाला दिला की सशाला जुलाब होतात, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि त्यापायी लोक पाला धुतच नाहीत. धुतलेल्या पानावरच्या पाण्याने काही होत नाही. त्रास होतो तो ढीग करून ठेवलेल्या, आतून गरम झालेल्या, कुजू लागलेल्या पाल्याने, तसेच यंत्राने कापलेल्या लॉनच्या आंबलेल्या गवताने. फ्लॉवरवर फवारणी भरपूर होते, म्हणून त्याची पाने तर दोन पाण्यांतून काढलीच पाहिजेत. पाला न मिळालेल्या सशाला एकदम मूठभर दिला तरी पोट बिघडू शकते. नवी भाजी पहिल्या दिवशी एक-दोन पाने, लेंड्या ठीक राहिल्या तर पुढे वाढवावी.

गाजराचे स्थान कार्टूनमध्ये आहे तिथेच राहू द्यावे. गाजर म्हणजे साखर साठवलेले मूळ. त्याचा पाला खुशाल द्या, गाजर मात्र अंगठ्याएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. सफरचंद, पपई, केळे, पेरू यांना हाच नियम, आणि तुमच्याकडे लव कोरडी होईपर्यंत तेही नाही. पोळी, भात, पोहे, पाव, बिस्किट, भिजवलेले हरभरे यांना सशाच्या ताटात जागाच नाही. यावर घरातल्या आजी-आजोबांशी वाद होतो याची मला कल्पना आहे. दारात आलेल्या जिवाला पोळीचा घास घालणे हा संस्कार आहे आणि सशीण तो आनंदाने खातेही. अशा घरांत मी एवढेच सुचवतो की चहाच्या वेळी आजींच्या हातात बिस्किटाऐवजी कोथिंबिरीची काडी द्यावी. सशिणीला ती वेळ आणि तो हात आवडतो, काय मिळाले याची ती तक्रार करत नाही.

शेतातला ससा काहीही खातो मग याला काय होते, हा प्रश्नही नेहमी येतो. शेतातला तो वेगळ्या जातीचा रानससा आहे, तो बिळे करत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळताही येत नाही. दुकानातून घरी येतो तो मुळात स्पेन-पोर्तुगालकडच्या भरड, कोरड्या गवतावर जगणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज. भरपूर निकृष्ट गवतातून पोषण पिळून काढणे ही त्याच्या पोटाची खासियत, आणि सकस अन्न हेच त्याला बाधते.

प्रत्यक्ष बदल असा करा. पोळी, बिस्किट, गाजर आणि कोबी आजच थांबवा, त्यासाठी हळूहळू जाण्याची गरज नाही. पेलेट मात्र तीन आठवड्यांत उतरवा, दर चार-पाच दिवसांनी थोडे थोडे. सकाळी उठल्याउठल्या पेलेट देण्याची पद्धत सोडून ते संध्याकाळी द्या, म्हणजे पहाटेची आणि सकाळची खरी भूक गवतावर भागेल. गवत कोपऱ्यात टांगून ठेवू नका. ससा लेंड्या टाकत असतानाच खातो, म्हणून त्याच्या शी-शूच्या ट्रेच्या एका टोकाला त्याच्या देहाएवढा ढीग ठेवा आणि रोज बदला. सुरुवातीला त्यात कोथिंबीर, पुदिना कुस्करून मिसळा, पेलेटचे दाणे ढिगात विखरून टाका, पुठ्ठ्याच्या नळीत गवत ठासून खेळायला द्या. एक प्रकार नाकारला तर दुसरा आणा. ओट नाकारणारे ससे मारवेलवर तुटून पडतात आणि उलटही होते. या काळात दर आठवड्याला तिचे वजन लिहून ठेवा. या तीन आठवड्यांत मिळून शंभर-दीडशे ग्रॅम उतरले तर चालेल, त्याहून वेगाने उतरत असेल तर पेलेट कमी करणे थांबवा आणि पशुवैद्यकाला विचारा. गवत खाल्ले जाते आहे की नाही ते लेंड्या सांगतात. चांगली लेंडी मोठी, फिकट तपकिरी असते आणि चिमटीत दाबली तर गवताचा भुसा होऊन सुटते. बारीक, काळी, कडक किंवा केसांनी माळेसारखी जोडलेली लेंडी म्हणजे आतडे मंदावल्याची खूण.

पाणी पसरट, जड मातीच्या भांड्यात द्या. नळीच्या बाटलीपेक्षा भांड्यातून ससे जास्त पाणी पितात. किलोमागे साधारण १०० मिलिलिटर दिवसाला, उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब टाकू नका, चव बदलली की पिणे कमी होते. मिठाच्या चकत्यांचीही गरज नाही. पावसाळ्यात गवत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत न ठेवता कापडी पिशवीत, जमिनीपासून वर ठेवा आणि पेलेट महिनाभर पुरेल एवढेच आणा. बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाचा सशाच्या यकृतावर फार लवकर परिणाम होतो.

दोन गोष्टींत उशीर करून चालणार नाही. शेपटीखालची चिकट लव रोज कोमट पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून कोरडी करा, अंघोळ घालू नका, आणि दिवसातून दोनदा तिथे नीट पाहा. अशा जागी माश्या अंडी घालतात आणि दमट हवेत एका दिवसात अळ्या पडतात. अळी दिसली की त्याच तासाला दवाखाना. दुसरे, सशीण दहा-बारा तास काहीच खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, पाठ कमानदार करून, दात करकरत एका जागी बसली असेल, तर सकाळची वाट पाहू नका. सशाला उलटी करता येत नाही आणि आतडे फार वेळ थांबलेले राहिले तर तो वाचत नाही. आणि घरात कोणाचे उरलेले अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन वर्गातले दुसरे औषध असेल तर ते तोंडाने कधीही देऊ नका. सीकममधले उपयुक्त जीवाणू त्याने मरतात आणि बहुतेक वेळा त्यामागोमाग ससाही. दवाखान्यात जाताना चोवीस तासांच्या लेंड्या कागदात गुंडाळून आणि सध्याच्या पेलेटचे पाकीट सोबत न्या, डॉक्टरांचे अर्धे प्रश्न तिथेच संपतात.